कापलेला अर्धा गुण
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



भूगोलाच्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून एक जुना हिशेब आधी मिटवते.

नववीच्या सहामाहीत मी मुंबईचं स्थान '१९ अंश, ७३ अंश' एवढंच लिहिलं. उत्तर, पूर्व काहीच नाही. बाईंनी अर्धा गुण कापला. मी वाद घातला, "मुंबई कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे की!" बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे गं. नकाशाला नाही."

तो अर्धा गुण मी बरीच वर्षं मनात ठेवला होता.

पुढे नोकरीत दोन विमानतळांमधलं अंतर काढण्याचा प्रोग्रॅम माझ्याकडे आला. त्या अंतरावरून प्रवासाचा वेळ आणि इंधनाचा अंदाज काढायचा होता. दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या केंद्राशी त्यांच्यात होणारा कोन काढायचा आणि त्याला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येने गुणायचं. म्हणजे आपलंच दहावीचं त्रिकोणमिती, फक्त गोलावरचं. मी मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को करून पाहिलं. उत्तर आलं सुमारे ५,२०० किलोमीटर. सूत्र दोनदा तपासलं, बरोबर होतं. दोन दिवसांनी काम ग्राहकाला दाखवायचं होतं.

तेव्हा बाईंचा दोरा आठवला. आठवतंय ना, पृथ्वीगोलावर दोरा ताणून बाई दोन शहरांमधलं अंतर मोजायला लावायच्या? मी एक पृथ्वीगोल मिळवला. व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे परीघ साधारण ९४. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर धरला, तर एका सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा भरला ३२ सेंटिमीटर. म्हणजे साडेतेरा हजार किलोमीटर! प्रोग्रॅमच्या हिशेबाने तो १२ सेंटिमीटरच भरायला हवा होता.

चूक कुठे होती? सॅन फ्रान्सिस्कोचे रेखांश १२२.३८ पश्चिम. मी 'पश्चिम' गाळलं होतं. संगणकाला पश्चिम सांगायचं, तर आकड्याआधी उणे चिन्ह लागतं. ते नसल्यामुळे माझं विमान चीनच्या किनाऱ्याजवळ पिवळ्या समुद्रात उतरत होतं! चिन्ह घातलं आणि उत्तर आलं १३,५१० किलोमीटर.

तो दोरा भिंतीवरच्या नकाशासारखा आडवा जात नव्हता. सायबेरियावरून वर, आर्क्टिक महासागरात जवळजवळ ७७ अंश उत्तरेपर्यंत आणि मग अलास्कावरून खाली. सगळ्यात जवळची वाट तीच. प्रत्यक्षात विमानं वारा, देशोदेशीच्या हवाई हद्दी आणि तिबेटचं उंच पठार पाहून वळसा घेतात, म्हणून थोडं जास्तच उडतात.

आज माझ्या हाताखालची मुलं उत्तर दाखवायला आली, की मी आधी विचारते, "दोऱ्याने मोजलंस का?" त्यांना वाटतं, ही काहीतरी ऑफिसातली म्हण आहे.

बाई, तो अर्धा गुण तुम्ही बरोबरच कापला होता. आज सगळ्यांसमोर वाद मागे घेते.