कोठडीतली तिसरी रात्र

रोज दारू पिणारा माणूस पोलिसांनी उचलला की घरचे म्हणतात, "बरं झालं, आत तरी सुटंल." पण दारू एकाएकी तुटली की काही तासांतच हात कापायला लागतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आलंय असं वाटून माणूस ओरडत सुटतो. त्याला सोंग समजू नका. यात जीव जाऊ शकतो. वेळेवर दवाखाना मिळाला तर बहुतेक जण वाचतात. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या लोकांनी हेही ध्यानात ठेवावं की सीमेपलीकडे तेलंगणात शिंदीत अल्प्राझोलमसारखी गुंगीची औषधं मिसळलेली सापडली आहेत. तशी शिंदी तुटली तरी हीच गत होते.

अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३ सांगतं. ठाण्यात आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: काय घेतो, रोज किती, शेवटचं कधी. इथं लाज आड येऊ देऊ नका. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहेत.

हात कापायचे थांबले, तरी तो प्यायला का लागला हे विचारायचं राहतंच. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या रात्री, किल्लारी परिसरात भूकंपाच्या ढिगाऱ्याखालून निघालेली मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत. लहानपणची अशी दहशत किंवा घरातली मारहाण पुढे झोप उडवते, आणि झोपेसाठी बाटली जवळ येते. तुरुंगात हे कुणीतरी शांतपणे विचारायला हवं. दारू आणि नशेच्या पदार्थांमुळे होणारे मनाचे त्रास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आजारच मानले आहेत, आणि तो कायदा कैद्यांनाही लागू आहे.

अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ३९ आहे. नशा करणारा किंवा थोडासा माल सापडलेला व्यसनी दोषी ठरला, तर न्यायालय त्याच्या संमतीनं, बंधपत्रावर, त्याला उपचाराला पाठवू शकतं. ते वकिलानं आवर्जून मागावं, असं मला मनापासून वाटतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला तिथं मोफत वकील मिळतो.

सुटकेच्या दिवशी घरचं कुणीतरी फाटकावर असू द्या, औषधांची चिठ्ठी मागून घ्या. व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे फोन मोफत आहेत.