खाडीचे बांध कोणीं घातले?

आगर म्हणजे मिठागर. त्यावरूनच आगरी हें नांव. भिवंडीच्या खाडीकांठीं चिखल डोक्यावर वाहून बांध घातले ते आपल्या आजा-आजींनीं. उघाडी ओहोटीला उघडते, भरतीला मिटते; पावसानें मीठ धुऊन गेलें कीं भात पिकतें. खांड पडली कीं सारें पुन्हां खारट! आणि कागदावर नांव सावकाराचें. तिकडे अलिबागेस चरीच्या कुळांनीं १९३३ पासून सहा वर्षें खोताचें शेत पेरलें नाहीं. पुढें १९४८ चा कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ रोजीं कूळ मालक ठरलें. आज त्याच भातशेतांवर गोदामें उभीं आहेत. विकणाऱ्यास मी दोष देत नाहीं. लग्न, दुखणें कोणास चुकलें? पण अंगठा उठविण्यापूर्वीं कागद घरच्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्यानें वाचवून घ्या, आणि त्यांत बहिणीचा हिस्सा कोठें आहे तेंही विचारा.