गोणी टोचून बघा
(नंदुरबारच्या युवक शिबिरातलं भाषण)



इंटरनेटवर विज्ञानाचं ग्रंथालय उभं करायचंय. त्यात कोणती संकेतस्थळं घ्यायची ते तुम्ही ठरवताय. मी मॅट्रिक पास, मुंबईच्या गोदीतला कामगार. मला एवढंच कळतं, की गोणीवरचा शिक्का वाचून माल पास करायचा नसतो. गोणी टोचायची, दाणा तळहातावर घ्यायचा.

पहिला टोचा भाषेचा. मराठी आहे, पण कुणाची? घरात पावरी, भिली बोलणाऱ्या पोराला ती पुस्तकी मराठी उमजते का?

दुसरा खर्चाचा. धडगावच्या डोंगरात रेंज गेली की व्हिडिओ नुसता गोल फिरत बसतो. अरविंद गुप्तांच्या स्थळावरून पुस्तकं फुकट उतरवून ठेवता येतात, आगकाड्या न् सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमिती हाताला कळते. असलं आधी घ्या.

तिसरा रक्ताचा. सिकलसेल इथल्या आदिवासी घराघरांत दुखतोय. आईबाप दोघं वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता २५ टक्के. दोष एकट्या बाईचा नाही, लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा, हे जे स्थळ साध्या शब्दांत सांगत नाही ते कितीही झगमगू दे, बाजूला टाका.

२०१० साली देशातला पहिला आधार क्रमांक याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला. बोटांचे ठसे घेणारं यंत्र इथं अगदी सुरुवातीलाच पोचलं. मग विज्ञानच मागाहून का?

ज्यांना पुस्तकाला हात लावू दिला नाही, त्यांनीच आता ठरवायचं, कपाटात काय ठेवायचं ते!