गोनीदांना वाचकांनी जपले. वऱ्हाडाने काय केले?

कादंबरीकार गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजेच गोनीदा, ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्यात जन्मले आणि १ जून १९९८ रोजी पुण्यात वारले. त्यानंतर त्यांना जिवंत ठेवले ते वाचकांनी. विद्यापीठांनी नाही, समीक्षकांनी तर नाहीच. मात्र या जपणुकीचा मोठा वाटा पुणे, तळेगाव आणि सह्याद्रीच्या किल्ल्यांकडचा आहे. जन्मभूमी असलेल्या अमरावती-अकोल्याचा वाटा त्या मानाने फारच थोडा. ही गोष्ट वऱ्हाडातल्या व्यासपीठावरून वऱ्हाडी श्रोत्यांनाच सुनावायला हवी.

अकोल्याने एकेकाळी कादंबरीकाराचा मान ठेवला होता. १९१२ साली इथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष हरि नारायण आपटे होते. ‘करमणूक’मधून क्रमशः येणाऱ्या त्यांच्या कादंबऱ्यांच्या पुढच्या प्रकरणाची घरोघरी वाट पाहिली जाई. १९८१ साली याच अकोल्यात संमेलनाध्यक्षाच्या खुर्चीवर गोनीदा बसले. दोघेही लोकप्रिय, दोघेही कादंबरीकार. तेव्हा लोकप्रियता हा साहित्यातला कमीपणा आहे, असे निदान अकोल्याला तरी कोणी शिकवू नये.

तरीही हा कमीपणा गोनीदांना सतत चिकटवला गेला. प्रादेशिक, भाबडे, संस्कारक्षम वयात वाचून ठेवून देण्यासारखे, असे शिक्के त्यांच्यावर बसले. यातला एक आक्षेप खरा आहे. त्यांच्या काही माणसांवर चांगुलपणाचा मुलामा जास्त चढतो, आणि शिवकालीन कादंबऱ्यांत निष्ठेचा सूर एवढा वर लागतो की माणसातली घालमेल खाली दबते. पण सोपे लिहिले म्हणून ते खपले, हा आरोप साफ खोटा आहे. ‘पडघवली’ आणि ‘शितू’ कोकणच्या बोलीत रुजलेल्या आहेत, ‘पवनाकाठचा धोंडी’ मावळची आहे, ‘जैत रे जैत’ ठाकरांच्या जगात शिरते आणि ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडी बोलते. ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ तर थेट भाक्रा-नांगल धरणावर जाते. दर खेपेला वाचकाला नवी बोली कानात साठवावी लागे, आणि अंजनगाव, अकोट, मूर्तिजापूरच्या वाचकाने कोकणातला खोत आणि मावळातला हवालदार समजून घेतला. एवढे कष्ट घेणाऱ्या वाचकाला उथळ म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः चार बोली वाचून दाखवाव्यात.

ही बोलींची जाण पुस्तकी नव्हती. तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला हा मुलगा पुढे गाडगे महाराजांच्या सहवासात राहिला. शेंडगावात जन्मलेल्या त्या महापुरुषाचे कीर्तन म्हणजे वऱ्हाडीतली प्रश्नोत्तरे. बाबा विचारायचे आणि हजारोंचा जमाव उत्तर द्यायचा. लोकांशी लोकांच्या भाषेत बोलण्याचा धडा याहून चांगला कुठे मिळणार? गोनीदांनी महाराजांचे चरित्र लिहिले. १९७७ साली राजदत्तांचा ‘देवकीनंदन गोपाला’ हा महाराजांवरचा चित्रपट आला, तो गोनीदांच्याच लेखनावर उभा होता. पुढे वेदान्ताचे अध्ययन, नर्मदेची परिक्रमा, गडकोटांवरची अखंड पायपीट हे सारे त्यांच्या लेखनात उतरले. ‘स्मरणगाथा’ला १९७६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लोकमान्यता आणि राजमान्यता एकत्र नांदू शकतात, याचा हा लेखी पुरावा आहे.

वऱ्हाडचेच दुसरे कादंबरीकार उद्धव शेळके यांच्याबाबतीत तर याहून वाईट वागणूक झाली. १९६०च्या ‘धग’मधली कौतिक मराठी कादंबरीतली अव्वल दर्जाची व्यक्तिरेखा ठरली. नंतर त्यांनी लोकप्रिय कादंबऱ्यांची रास लिहिली, तेव्हा ज्यांनी ‘धग’ डोक्यावर घेतली त्यांनीच नाके मुरडली. लेखणीवर संसार चालवणे हा वऱ्हाडातल्या लेखकाचा गुन्हा कधीपासून झाला?

वाचकांची आठवण कशी असते, हे पाहायचे तर एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयातली ‘पडघवली’ची झिजलेली प्रत हातात घ्यावी. मूळ मुखपृष्ठ केव्हाच गेलेले, त्या जागी जाड पुठ्ठ्याची बांधणी. पहिल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का आणि दाखल क्रमांक. शेवटी तारखांची चिठ्ठी, ती भरली म्हणून तिच्यावर डकवलेली दुसरी. कोपरे दुमडून दुमडून मऊ पडलेले. पुरस्काराचे मानपत्र एकदाच लिहिले जाते. या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे भरत राहतात.

दुसरी आठवण आवाजातून टिकली. गोनीदांच्या हयातीतच कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांनी कादंबऱ्यांचे अभिवाचन सुरू केले. पुढे नात मृणाल आणि नातजावई रुचिर कुलकर्णी त्यात आले. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, फक्त समोर संहिता आणि माणसांचे आवाज. एका घराने कित्येक दशके हे व्रत चालवले. तिकडे त्यांच्या दुर्गवेडाचा वारसा सांगणारी दुर्ग साहित्य संमेलने उभी राहिली. २०२४ साली वीणा देवही गेल्या. आता हे काम एका कुटुंबावर सोडून चालणार नाही. परतवाड्याच्या डोक्यावर गाविलगड आहे, अकोट तालुक्यात नरनाळा आहे. गोनीदांचे नाव घेऊन तिथे जायला पुण्याहून कोणी येण्याची वाट का पाहायची?

आणि ‘पूर्णामायची लेकरं’चे काय? सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडत तापीला मिळणारी पूर्णा ही या मुलखाची माय. तिच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट, पण बोली गोड. ती बोली शाळेत पोरांच्या तोंडून खोडून काढली जाते आणि संमेलनात विनोदापुरती वापरली जाते. तिच्यात एक अख्खी कादंबरी उभी आहे, आणि वऱ्हाडातल्या कितीतरी पदवीधरांना तिचे नाव ठाऊक नाही. हा दोष समीक्षकांच्या माथी मारता येणार नाही. तो इथल्या वाचनालयांचा, महाविद्यालयांचा आणि या सभेचा आहे.

म्हणून या सभेने ठरावांची भेंडोळी बाजूला ठेवून एकच काम अंगावर घ्यावे. दरवर्षी ८ जुलैला अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या प्रत्येक अनुदानित वाचनालयात ‘पूर्णामायची लेकरं’ मोठ्याने वाचली जावी. वाचणारे गावातलेच असावेत आणि संवाद त्यांनी आपल्या वऱ्हाडीतच म्हणावेत. ज्या वाचनालयात प्रत नाही, त्याने ती पुढच्या खरेदीत आधी घ्यावी.