एजंटचा वेळ कोणाच्या खर्चाने?



इस्टेट एजंटांच्या या परिषदेचा अध्यक्ष या नात्याने थेट विषयाकडे वळतो. अध्यक्षाने बाजारातल्या तेजीमंदीवर बोलावं असा प्रघात आहे. मला मात्र महारेराचं (महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचं) प्रमाणपत्र नुकतंच हाती पडलेल्या मुलामुलींच्या वेळेबद्दल बोलायचं आहे. त्यांना सल्ला देणारे कमी नाहीत. पहाटे उठा, डायरी ठेवा, फॉलो-अप चुकवू नका आणि हे सगळं करून घरच्यांनाही वेळ द्या! यातलं काहीच चूक नाही, पण त्यात सगळा दोष नवख्याच्या शिस्तीवर टाकलेला आहे. माझं म्हणणं असं की त्यांची ओढाताण शिस्तीच्या अभावातून फार थोडी आणि आपल्या मेहनतान्याच्या पद्धतीतून बरीच जास्त येते.

वकील सल्ल्याची फी घेतो, डॉक्टर तपासण्याची घेतो. आपल्याकडे सौदा झाला तर दलाली, नाही तर हात हलवत परत. त्यामुळे पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, दृष्टीने आपल्या तासाची किंमत शून्य असते, आणि जे फुकट मिळतं ते माणूस जपून वापरत नाही. तीन फ्लॅट पाहून जे ठरलं असतं त्यासाठी तेरा पाहिले जातात. बिल्डरही शनिवार-रविवारी साइटवर माणसं आणा म्हणून चॅनल पार्टनरमागे, म्हणजे त्याच्यासाठी गिऱ्हाईक आणणाऱ्या एजंटमागे, लागतो; पैसे मात्र बुकिंग झालं तरच, आणि तेही बऱ्याचदा करारनामा नोंदवल्यावर. साठ लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्के धरले तर १ लाख २० हजार होतात. नवख्याच्या डोळ्यांसमोर हा आकडा असतो. न झालेल्या सौद्यांचे तास, पेट्रोल आणि कुलूपबंद फ्लॅटच्या चावीसाठी मारलेले हेलपाटे त्यातूनच वजा व्हायचे असतात, हे त्याला कोणी सांगत नाही.

मग जास्त तास राबलं तर जास्त मिळेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. एकट्यापुरतं ते खरंही असेल, पण सगळ्यांनी मिळून तसं केलं की काय होतं? चांग-ताई शे आणि एन्रिको मोरेट्टी या अर्थशास्त्रज्ञांनी १९८० आणि १९९० च्या जनगणनेवरून अमेरिकी शहरांतल्या एजंटांचा अभ्यास केला; तो २००३ साली प्रसिद्ध झाला. तिथे कमिशनचा दर सगळीकडे जवळपास सारखाच होता, त्यामुळे घरं महाग असलेल्या शहरांत एका सौद्यामागे कमाई जास्त. तरीही तिथले एजंट अधिक सधन झाले नाहीत. धंद्यात शिरणं सोपं असल्याने माणसं वाढली आणि एकेका एजंटच्या वाट्याला कमी घरं आली. तिथली व्यवस्था आपल्याहून वेगळी आहे हे मान्य. पण वाढलेले तास नवीन घरं विकण्यात न जाता त्याच गिऱ्हाइकासाठीच्या चढाओढीत जिरतात, हे मुंबई-पुण्यातल्या कोणाही एजंटला पटेल. दुसरा एक अभ्यास लेव्हिट आणि सिव्हर्सन यांचा, २००८ चा, शिकागो परिसरातल्या विक्रींवरचा. एजंटांची स्वतःची घरं गिऱ्हाइकांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे साडेनऊ दिवस जास्त थांबून विकली गेली आणि त्यांना ३.७ टक्के जास्त भाव आला. स्वतःचं घर असलं की धीर धरायचा आणि दुसऱ्याचं असलं की घाई करायची, असा याचा अर्थ. दमलेला, महिनाअखेरीच्या हप्त्याने धास्तावलेला एजंट ही घाई आणखीच करणार. तेव्हा आपली विश्रांती हा गिऱ्हाइकाच्या हिताचाही प्रश्न आहे.

विश्रांती हवी तर काही फेऱ्या नाकाराव्या लागतील. यावर पहिला आक्षेप येईल तो असा की नवख्याला नकार देणं परवडत नाही. त्याने नाही म्हटलं तर शेजारचा एजंट तयारच आहे. आक्षेप वजनदार आहे. पण नकार पार्टीला द्यायचा नाही, चौकशीआधीच्या फेरीला द्यायचा आहे. कर्जाची मंजुरी आहे का, निर्णय घरात कोण घेणार, जुना फ्लॅट विकून हा घ्यायचा आहे का, ताबा कधी हवा, एवढं फोनवर विचारता येतं. रीसेल असेल तर इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा उतारा), सोसायटीचं भागप्रमाणपत्र आणि बँकेची थकबाकी विक्रेत्याकडून आधी मागवावी. नव्या प्रकल्पाची नोंदणी तर महारेराच्या संकेतस्थळावरच दिसते. हे वरकड काम नव्हे. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १० सांगतं की नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली विक्री एजंटने करून देऊ नये, आणि खरेदीदाराला ज्यांचा हक्क आहे ती कागदपत्रं बुकिंगच्या वेळी मिळवून द्यावीत. या चौकशी-कागदपत्रांच्या कामासाठी दुपारी एक ते चार ही वेळ उत्तम, कारण तेव्हा फ्लॅट पाहायला सहसा कोणी येत नाही. (पुण्याच्या प्रतिनिधींनी हसू नये.)

दुसरा आक्षेप रविवारचा. गिऱ्हाईक त्याच दिवशी मोकळं असतं, हे निर्विवाद. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. इतरांच्या त्या सुट्टीवरच आज आपला धंदा चालतो, याबद्दल तक्रार नाही. मात्र त्या लढ्यात आठवड्यातून एक दिवस सुट्टीची मागणी होती, आणि ती आपल्यालाही लागू आहे. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांतल्या कामगारांना साप्ताहिक सुट्टी देतो. एकट्याने काम करणारा एजंट त्यात बसत नाही, त्यामुळे त्याची सुट्टी त्याने किंवा आपण सर्वांनी मिळूनच ठरवायला हवी. मी ‘सर्वांनी मिळून’ यावर भर देतो. एकट्याने दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं. अख्खी पेठ ठरल्या वारी बंद ठेवते, तेव्हा ते दुसऱ्या दिवशी येतं, हे आपल्या बाजारपेठांनी केव्हाच दाखवून दिलं आहे.

काही ज्येष्ठ म्हणतील, स्वतःचा धंदा आहे, त्यात घड्याळ कशाला? या स्वातंत्र्यासाठीच तर नोकरी सोडून लोक इकडे येतात. येतात खरे, विशेषतः मुलं थोडी मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागणाऱ्या स्त्रिया. पण रात्री साडेदहाला भाडेकरूचा फोन घ्यावाच लागत असेल तर ते स्वातंत्र्य फोन करणाऱ्याचं झालं. संध्याकाळची साइट व्हिजिट आणि संध्याकाळचा स्वयंपाक एकाच वेळी येतात, तेव्हा ज्येष्ठांच्या घरी दुसरा कोणीतरी स्वयंपाक सांभाळत होता, हेही या युक्तिवादात सोयीस्करपणे विसरलं जातं.

दुपारच्या खुल्या अधिवेशनात तीन कलमांचा ठराव मांडला जाईल. मंगळवार किंवा स्थानिक शाखेला सोयीचा दुसरा कोणताही वार सामायिक सुट्टीचा असावा. रात्री नऊनंतरच्या फोनला उत्तर दुसऱ्या दिवशी द्यावं. साइट व्हिजिटआधी भरून घ्यायचा एक पानी चौकशी-अर्ज मराठीतही असावा. दलालीचा दर ठरवणं हा या ठरावाचा विषय नाही आणि तसा प्रयत्न आपण करूही नये. वाराविषयी माझा आग्रह नाही. अर्जाविषयी आहे, आणि त्यावर दुरुस्त्या सुचवायच्या असतील तर त्या जेवणाच्या सुट्टीपूर्वी लेखी द्याव्यात.