हृदयविकाराच्या झटक्यानंतर : विश्रांती आणि वाटचाल



हृदयविकाराच्या झटक्यातून रुग्ण वाचला, की कुटुंबीयांस हायसे वाटते. पण त्याच दिवशी घरात भीतीही शिरते. "हलू नका, जिना चढू नका, पेढीवर येऊ नका," अशी प्रेमळ बंधने सुरू होतात. या भीतीमागे वैद्यकशास्त्राचाच जुना इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा रुग्णास चार ते सहा आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवीत. हृदयाची जखम भरून यावी, हा त्यामागील हेतू. परंतु दीर्घकाळ पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत. त्या फुप्फुसात जाऊन कित्येक दगावत. उपायच अपाय ठरे. बोस्टन येथील डॉ. सॅम्युअल लेव्हाइन व त्यांचे तरुण सहकारी डॉ. बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसविण्यास आरंभ केला आणि ८१ रुग्णांचा अनुभव १९५२ मध्ये प्रसिद्ध केला.

सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हर येथे झटका आला. आदल्या दुपारची छातीतील जळजळ त्यांनी खाण्यातील कच्च्या कांद्यावर ढकलली होती. सुमारे सात आठवडे ते रुग्णालयात होते. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी रुग्णास निरुपयोगी न ठरविता कामाकडे क्रमाने परतण्याचा पुरस्कार केला. १९५६ मध्ये आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले आणि मार्च १९६९ पर्यंत जगले. मात्र पुढेही त्यांना झटके आलेच. मृत्यूनंतरच्या तपासणीत हृदयाच्या भित्तीवर जुन्या जखमेच्या जागी फुगवटा आढळला. रुग्ण कामाला लागला तरी जखमेची खूण राहते, हे येथे ध्यानी घ्यावे.

आज अँजिओप्लास्टीमुळे अनेक रुग्ण काही दिवसांतच घरी परततात. तरीही धोका संपत नाही. पहिल्या काही तासांत हृदयाचे ठोके घातक रीतीने बिघडू शकतात. पुढे हृदय दुर्बल होऊन पाय सुजणे, आडवे होताच धाप लागणे, वजन एकाएकी वाढणे ही लक्षणे दिसू लागतात. ती दिसताच डॉक्टरांना दाखवावे. छातीत पुन्हा दुखू लागल्यास मात्र अपचन समजून घरी न थांबता तात्काळ रुग्णालय गाठावे. रक्त पातळ ठेवणारी औषधे, विशेषतः स्टेंट बसविल्यावर, स्वतःच्या मनाने कदापि थांबवू नयेत. उपवास करावयाचा असल्यास औषधांच्या वेळा आधीच विचारून घ्याव्यात. तंबाखू कायमची सोडावी. डॉक्टरांच्या अनुमतीने आरंभी थोडे चालावे व ते हळूहळू वाढवीत न्यावे.

आणखी एक दुखणे यंत्रात दिसत नाही; ते म्हणजे मनाची उदासी. कर्ता पुरुष एकाएकी घरातील ओझे झाल्याचे मानू लागतो. त्याचा सल्ला घ्यावा, झेपेल तेवढे काम त्याच्याकडे सोपवावे, सकाळी त्याच्यासमवेत चार पावले चालावे. आप्तांनी रुग्णास अवश्य जपावे, परंतु जखडून ठेवू नये.

सर्वांना निरामय दीर्घायुष्य लाभो, ही सदिच्छा.