एका दिवसाची सहल
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. सातवीपर्यंत शिकलेली, चूल आणि मुले सांभाळणारी तुमच्यासारखीच एक बाई आहे. पण मार्गशीर्षात आपण नऊजणी साताऱ्याहून वाईला जाऊन आलो, त्या सहलीची आखणी माझ्याकडे होती. "कशी काय जमवलीत, ते सगळ्यांना सांगा," असा अध्यक्षबाईंनी आग्रह धरला. म्हणून भीत भीत उभी राहिले आहे. बोलताना चुकले तर सांभाळून घ्यावे.

तुम्ही म्हणाल, सातारा ते वाई म्हणजे पस्तीस किलोमीटर. त्यात आखायचे ते काय? गाडीत बसले की तासाभरात वाई! खरे आहे. पण ह्याच पस्तीस किलोमीटरांची एक गोष्ट आधी सांगते, मग आखणीकडे वळते.

माझी आई लग्न होऊन साताऱ्यात आली आणि शेवटपर्यंत इथेच राहिली. वाईच्या ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे, अशी तिची फार इच्छा होती. काशी नाही, रामेश्वर नाही, एवढीच. पण तिला गाडी लागत असे. गाडीच्या नुसत्या वासानेही तिच्या पोटात ढवळायचे. घरातली माणसे वाईला निघाली की कोणीतरी म्हणायचे, "तू कशाला येतेस? तुलाच त्रास होईल." मग तीही म्हणायची, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." आम्ही प्रसाद आणून हातावर ठेवायचो. ती तो कपाळाला लावायची आणि म्हणायची, "मला पोचलं." असे किती वेळा झाले, त्याची गणती नाही. ती गेली, पण वाईचा गणपती तिने पाहिला नाही. आणि "तू कशाला येतेस" असे म्हणणाऱ्यांत मीही होते, हे आज तुमच्यासमोर कबूल करते. आम्ही तिच्यावर माया करत नव्हतो, असे नाही. पण गाडी दोनदा थांबवली असती, तिला पुढे बसवले असते, तर ती पोचली असती, हे आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही.

म्हणून सहलीचे काम अंगावर आले तेव्हा कुठे जायचे, हे मी नंतर बघितले. आधी कोण कोण येणार, ते विचारले. आठजणींनी लगेच हात वर केले. आपल्या थोरल्या काकू मात्र बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मला बाई गाडी लागते. तुम्ही जा." ते शब्द ऐकले आणि माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटले, "काकू, तुम्ही आलात तर गाडी निघेल. नाहीतर निघणार नाही." सगळ्या हसल्या, पण मी मनापासून बोलले होते.

आता प्रत्यक्ष आखणी सांगते. कोणाच्या उपयोगी पडली तर बरे वाटेल.

पहिली गोष्ट दिवसाची. मार्गशीर्षातले गुरुवार मी आधीच खोडले. घरोघरी महालक्ष्मीची पूजा आणि उपास, बाई निघणार कशी? संकष्टी खोडली, कारण गणपतीला गर्दी. शनिवार-रविवार खोडले, कारण महाबळेश्वर-पाचगणीच्या गाड्यांनी वाई भरते. पौष पौर्णिमेच्या आसपासचे दिवसही नकोत, कारण तेव्हा मांढरदेवीची यात्रा असते आणि वाईवरून माणसांची रीघ लागते. असे खोडता खोडता एक बुधवार उरला. तारीख ठरली की ती जाहीर करून टाकावी. "बघू केव्हातरी" म्हणून ठेवलेली सहल कधीच निघत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. भाड्याची जीप ठरवताना नुसते भाडे विचारू नये. टोल कोणी भरायचा, थांबण्याचे वेगळे पडतात का, ड्रायव्हरच्या जेवणाचे काय, हे सगळे आधीच बोलून घ्यावे. वाटेत आनेवाडीचा टोलनाका आहे. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, हेसुद्धा मी विचारून घेतले. आणि वर्गणी एकदम न मागता दर बैठकीला पन्नास-पन्नास रुपये जमा केले. एकदम मोठी रक्कम काढायची म्हणजे एखादीला घरात तोंड उघडावे लागते, आणि तेवढ्यासाठी ती "मला जमणार नाही" म्हणून मोकळी होते. पन्नास रुपये भाजीतून वाचतात.

तिसरी गोष्ट वेळेची. माझ्या मुलाने फोनवर नकाशा काढून दाखवला आणि म्हणाला, "आई, पाऊण-एक तास लागेल." मी म्हटले, "बाबा रे, तुझ्या फोनला रस्ता माहीत आहे, बायका माहीत नाहीत." मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःचे कोष्टक मांडले. निघायचे आठला, म्हणजे सगळ्यांना सांगायचे साडेसात. पहिला मुक्काम लिंब. तिथून परत हमरस्त्याला लागून पाचवड फाट्याला वळायचे आणि वाई. दुपारी मेणवली, आणि दिवेलागणीच्या आत घर. जाऊन येऊन सारे ऐंशी किलोमीटरच्या आसपास. धोमचे नरसिंहाचे देऊळ आणि धरणही पाहावे, असे दोघींचे म्हणणे होते. मी नाही म्हटले. एका दिवसात चार ठिकाणे कोंबली की एकही धड बघून होत नाही, आणि घरी आल्यावर आठवते ती फक्त धावपळ.

चौथी गोष्ट बोलायला अवघड, पण बायकांच्या सभेत बोललीच पाहिजे. बाहेर पडायचे म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या कितीतरी बायका आहेत. पुरुषांच्या आखणीत ही गोष्ट नसते. मी ड्रायव्हरदादांना आधीच विचारून, कोणत्या पेट्रोलपंपावर स्वच्छ सोय आहे आणि वाईत कुठे आहे, हे लिहून ठेवले होते. गाडीत बसतानाच सगळ्यांना सांगितले, "पोटभर पाणी प्या. थांबायची जागा ठरलेली आहे."

पाचवी गोष्ट थोरल्या काकूंची. त्यांना ड्रायव्हरशेजारी पुढे बसवले. काच उघडी ठेवली आणि समोर लांबवर बघायला सांगितले. निघताना पोट अगदी रिकामे नको आणि तळकटही नको, म्हणून नुसती दशमी खायला दिली. डॉक्टरांना विचारून आणलेली गोळी निघण्याआधी घेतली. आल्याची वडी हाताशी होती, आणि वेळ पडली तर पिशव्याही होत्या. त्यांना सांगितले, "बरे वाटेनासे झाले की लगेच बोलायचे. संकोच करायचा नाही."

एवढे सगळे योजले, तरी माझी एक चूक झालीच. ती लपवत नाही.

लिंबची बारा मोटांची विहीर तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ च्या दरम्यान वीरूबाई भोसले यांनी ती बांधली, असा तिथे शिलालेख आहे. एका बाईने बांधवलेली विहीर म्हणूनच तर आम्ही तिथे थांबलो होतो. अष्टकोनी विहीर, आत उतरायला दगडी पायऱ्या, कमानी, आणि पाण्यावर चक्क छोटासा महाल! सगळ्या लगबगीने उतरू लागल्या. आणि मागे वळून बघते तो काकू पहिल्याच पायरीशी उभ्या. त्यांचे गुडघे मला ठाऊक नव्हते का? चांगले ठाऊक होते. पण मी गाडीचा विचार केला, पोटाचा केला, गुडघ्यांचा राहिला. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा, मी बसते इथं." पुन्हा तेच शब्द! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी उतरलेली चार पावले परत चढले आणि त्यांच्याजवळ वर गेले.

काकू विहिरीच्या काठावर, मोटेची जागा असते तिथे बसल्या. थोडा वेळ दगडावरून हात फिरवत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "माझा बाप मोट हाकायचा." आणि त्यांची कळी खुलली. नाडा कुठून जायचा, सोंदूर कुठे असायचा, बैल धावेवरून खाली गेले की कातडी मोट कशी भरून वर यायची, थारोळ्यात पाणी कसे धबाबा कोसळायचे, आणि मग बैल मागच्या मागे पावले टाकत कसे परत यायचे, हे सगळे त्या हातवारे करून सांगू लागल्या. खालच्या बायका एकेक करून वर आल्या आणि भोवती बसल्या. आमच्यातल्या तरुण सुनांनी मोट डोळ्यांनी पाहिलेली नाही. एकीने विचारले, "म्हणजे वीज नव्हती तेव्हा एवढं पाणी बैलांनी काढायचं?" काकू म्हणाल्या, "बैलांनी आणि माणसांनी. पहाटे बापाचं मोटेवरचं गाणं ऐकू आलं की आम्ही उठायचो." ज्या पायऱ्या उतरून आल्या, त्यांना विहीर दिसली. पण ती विहीर कशी चालत होती, हे आम्हाला कळले ते पायऱ्या न उतरलेल्या बाईकडून.

पाचवड सोडल्यावर काकूंना एकदा मळमळले. ठरल्याप्रमाणे सावली बघून गाडी थांबवली. सगळ्याच उतरल्या, म्हणजे त्यांच्यामुळे थांबलो असे वाटायला नको. दहा मिनिटे पाय मोकळे केले आणि पुढे निघालो. दहा मिनिटे, भगिनींनो! माझी आई ज्याच्यासाठी जन्मभर घरी राहिली, तो त्रास दहा मिनिटांचा होता.

वाईला ढोल्या गणपतीसमोर उभी राहिले आणि काय मागावे, सुचेना. केवढी ती मूर्ती! १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधले. कृष्णेच्या अगदी काठावर आहे, म्हणून देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केलेली आहे. पूर आला तर पाणी दोन बाजूंना फाकावे आणि देवळाला धक्का लागू नये, ही योजना. मार्गशीर्षात कृष्णामाई किती शांत असते! पण बांधणाऱ्याने आषाढ-श्रावणातल्या पाण्याचा विचार करून भिंत घातली. आखणी म्हणतात ती हीच. सगळे ठीक असते तेव्हाचे काय सांगायचे? ज्या वेळी अडेल, जो अडेल, त्याचा विचार आधी.

एक जास्वंदीचे फूल माझ्या नावाने वाहिले आणि एक आईच्या नावाने. डोळे पुसले ते काकूंनी पाहिले असावे. त्यांनी विचारले मात्र काही नाही. नुसता माझा हात धरून त्या घाटाच्या पायऱ्या सावकाश उतरल्या. दोन पायऱ्या आणि विसावा, दोन पायऱ्या आणि विसावा. त्या दिवशी कोणालाही घाई नव्हती. नदीकाठी बसून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात खाल्ला. ड्रायव्हरदादांनाही आमच्यातच पान वाढले.

मेणवली तिथून तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा आणि घाट पाहिला. तिथली मोठी घंटा वसईहून आलेली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. तिच्यावर मेरीमाता आणि बाळाची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. मुलांना 'स्वदेस' सिनेमातला घाट म्हणून मेणवली माहीत असते. आता घरी आल्यावर आपणही त्यांना घंटेची गोष्ट सांगू शकतो, हा काही लहान फायदा नव्हे.

दिवेलागणीच्या आत आम्ही साताऱ्यात होतो. हिशेब वाचून दाखवला, शिल्लक मंडळाच्या पेटीत टाकली. उतरताना काकू म्हणाल्या, "पुढच्या वेळी धोम राहिलंय, ते बघू." गाडी लागते म्हणणारी बाई पुढच्या सहलीचे ठरवत होती! मला सगळ्या कष्टांचे फळ तिथेच मिळाले.

भगिनींनो, आपण रोज घरातल्या दहा माणसांच्या वेळा, आवडी आणि पथ्ये सांभाळतो. त्यापुढे सहलीची आखणी मोठी नाही. फक्त ती आपण करू शकतो, असे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. आणि एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर बघा, "तुम्ही जा, मी घर सांभाळते" असे तुमच्या घरात कोण म्हणते? सासूबाई असतील, आई असेल, अधू पायाची नणंद असेल, नाहीतर तुम्ही स्वतःच असाल. पुढच्या वेळी दिवस ठरवताना तिला पहिल्यांदा विचारा आणि तिच्या पावलाने गाडी हाका. घराला एक दिवस कुलूप लावले तर घर कुठे पळून जात नाही. माणूस मात्र जाते.